टीव्हीला परवाना लागत नाही. मग दरमहा आपण पैसे कशाचे भरतो?

वर्धा जिल्ह्यातल्या कोणत्याही बौद्ध वस्तीत जा. हिंगणघाटचा गिरणी कामगारांचा जुना मोहल्ला असो, पुलगावची वस्ती असो की समुद्रपूर तालुक्यातले कापूस-सोयाबीनचे गाव असो, घरात आणखी काही असो-नसो, टीव्ही बहुधा असतो. त्या टीव्हीपायी दर महिन्याला घरातून पैसे जातात. पण ते सरकारी शुल्क आहे, कर आहे की केबलवाल्याचे भाडे, हे नीट सांगता येईल अशी घरे थोडी. काही ज्येष्ठांना टीव्हीचे ‘लायसन’ आठवते. काही तरुणांनी इंग्लंडमध्ये टीव्हीला परवाना लागतो हे वाचलेले असते, आणि आपल्याकडेही तसे काही असेल असा त्यांचा समज असतो.

तथागतांनी कालामांना सांगितले की ऐकीव गोष्ट ऐकीव आहे म्हणून स्वीकारू नका, तपासून पाहा. हा प्रश्न त्याच पद्धतीने तपासू. त्यात केवळ शंभर-दोनशे रुपयांचा हिशेब नाही. आपल्या घरातल्या पडद्यावर कोण दिसणार आणि कोण दिसणार नाही, हे कोण ठरवते, हा प्रश्न त्याला जोडलेला आहे.

आधी सरळ उत्तर

भारतात घरी टीव्ही ठेवायला किंवा पाहायला आज कोणताही परवाना लागत नाही. टीव्हीचा परवाना, त्याचे नूतनीकरण किंवा दंड अशा नावाखाली कोणी घरी येऊन पैसे मागत असेल, तर एक रुपयाही देऊ नका. तशी वसुली करण्याचा अधिकार कोणालाही नाही. मोबाईलवर यूट्यूब किंवा बातम्या पाहायलाही परवाना लागत नाही.

पूर्वी मात्र लागत असे. इंग्रज सरकारने 1933 मध्ये बिनतारी संदेशवहनाचा कायदा केला. परवान्याशिवाय रेडिओसारखे यंत्र जवळ बाळगणे हा त्या कायद्याने गुन्हा ठरला. स्वातंत्र्यानंतरही ही पद्धत चालू राहिली. परवान्याचे छोटे पुस्तक असे. दरवर्षी ते पोस्टात नेऊन पैसे भरायचे आणि त्यावर तिकीट लावून घ्यायचे. 1970 च्या दशकात रेडिओसाठी वर्षाला 15 रुपये आणि टीव्हीसाठी 50 रुपये पडत. पोस्टाचा निरीक्षक घरी किंवा दुकानात येऊन पुस्तक तपासू शकत असे. पुस्तक नसले तर दंड होई, प्रसंगी संच जप्तही होऊ शके.

1980 च्या दशकाच्या मध्यावर ही पद्धत बंद झाली. तोवर दूरदर्शनवर जाहिराती सुरू होऊन आठ-दहा वर्षे झाली होती आणि 1982 च्या एशियाडनंतर टीव्ही झपाट्याने पसरत होता. घरोघर जाऊन पन्नास-पन्नास रुपये गोळा करण्यापेक्षा सरकारी अनुदान आणि जाहिराती यांवर आकाशवाणी-दूरदर्शन चालवणे सरकारला सोपे वाटले. पुढे 2023 च्या दूरसंचार कायद्याने 1885 चा तारायंत्र कायदा आणि 1933 चा हा कायदा या दोन्हींची जागा घेतली.

म्हणजे ऐकणाऱ्यावरचा आणि पाहणाऱ्यावरचा परवाना इतिहासजमा झाला आहे. पैसे देणे मात्र संपलेले नाही.

बाबासाहेब रेडिओवर बोलले, तेव्हा ऐकले कोणी?

3 ऑक्टोबर 1954 रोजी आकाशवाणीवरून बाबासाहेबांचे भाषण प्रसारित झाले. आपले जीवनविषयक तत्त्वज्ञान स्वातंत्र्य, समता आणि बंधुता या तीन शब्दांत आहे, आणि हे शब्द आपण फ्रेंच राज्यक्रांतीकडून उसने घेतलेले नसून आपले गुरू बुद्ध यांच्या शिकवणुकीतून घेतले आहेत, असे त्यांनी त्यात सांगितले. आज प्रत्येक विहारात हा विचार सांगितला जातो. पुढे मे 1956 मध्ये बीबीसीवरून ‘मला बौद्ध धम्म का आवडतो’ या विषयावर ते बोलले. प्रज्ञा, करुणा आणि समता ही तीन तत्त्वे एकत्रितपणे दुसऱ्या कोणत्याही धर्मात नाहीत, असे त्या भाषणाचे सूत्र होते.

या दोन भाषणांच्या वेळी आपली माणसे कुठे होती, याचा विचार करा. 1954 मध्ये रेडिओसंच विकत घेणे आणि वर त्याचा वार्षिक परवाना भरणे किती अस्पृश्य कुटुंबांना शक्य होते? ज्यांच्यासाठी ते बोलणे सर्वांत मोलाचे होते, त्यांच्याच घरात रेडिओ नव्हता. गावासाठी सामूहिक रेडिओ देण्याच्या सरकारी योजना होत्या. 1956 मध्ये पुणे केंद्राने युनेस्कोच्या मदतीने पाच मराठी जिल्ह्यांतल्या दीडशेच्या आसपास गावांत ग्रामीण श्रोतेमंडळांचा प्रयोग केला. लोकांनी एकत्र बसून कार्यक्रम ऐकायचा आणि त्यावर चर्चा करायची, अशी ती कल्पना होती. कल्पना उत्तमच. पण ज्या काळात पाणवठे वेगळे होते, त्या काळात चावडीवरच्या रेडिओसमोर सगळे सारख्या मानाने बसले असतील, असे कोण म्हणेल?

यातून एक धडा मिळतो. प्रसारणाचा दर सर्वांना सारखा ठेवला की तो सर्वांना सारखा जड होत नाही. पंधरा रुपये जमीनदाराला आणि शेतमजुराला कागदावर सारखेच असतात, पण दोघांच्या घरी त्यांचे वजन वेगळे असते.

परवाना गेला, बिल आले

आता आजचा हिशेब करू. 2012 नंतर देशात केबलचे डिजिटलीकरण टप्प्याटप्प्याने झाले. नागपूर दुसऱ्या टप्प्यात होते, मार्च 2013 ची मुदत. वर्धा, हिंगणघाट, आर्वी, पुलगाव यांसारखी शहरे तिसऱ्या टप्प्यात आली, मुदत डिसेंबर 2015. ग्रामीण भागाची मुदत मार्च 2017 होती. घरोघर सेट-टॉप बॉक्स आले. जुन्या अँटेनावर दूरदर्शन फुकट दिसायचे, तेही थांबले. प्रसार भारतीने 2022 पर्यंत जमिनीवरचे जवळजवळ सर्व अॅनालॉग टीव्ही प्रक्षेपक बंद केले. छतावर अँटेना लावून टीव्ही पाहण्याचा मार्ग त्यामुळे बंद झाला.

1 फेब्रुवारी 2019 पासून ट्रायची, म्हणजे दूरसंचार नियामक प्राधिकरणाची, नवी दरपद्धत लागू झाली. तिच्यात बिलाचे दोन भाग झाले. पहिला भाग ‘नेटवर्क कपॅसिटी फी’. सोप्या भाषेत, तारेचे किंवा डिशचे भाडे. दुसरा भाग तुम्ही निवडलेल्या सशुल्क वाहिन्यांची किंमत. भाड्याची कमाल मर्यादा महिन्याला 130 रुपये होती आणि त्यावर 18 टक्के जीएसटी, एकूण 153 रुपये 40 पैसे. सुरुवातीला या पैशात 100 वाहिन्या मिळत, 2020 च्या दुरुस्तीनंतर 200 मिळू लागल्या.

वर्षाचा हिशेब मांडा. 153.40 गुणिले 12 म्हणजे 1,840 रुपये 80 पैसे. एकही सशुल्क वाहिनी न घेता ही रक्कम होते. त्यातला सरकारकडे जाणारा जीएसटीच वर्षाला 280 रुपये 80 पैसे आहे. जुना परवाना वर्षाला 50 रुपयांचा होता. तेव्हाचे 50 रुपये आजच्यापेक्षा कितीतरी मोठे होते, हे खरे. पण परवाना ‘रद्द’ झाला म्हणून टीव्ही फुकट झाला, हा समज या आकड्यांपुढे टिकत नाही. पूर्वी सरकार पोस्टातून पैसे घेत असे, आता केबलवाल्याच्या बिलातून घेते. फरक इतकाच की पूर्वीचे पैसे प्रसारणाच्या नावाने घेतले जात. आताचे सर्वसाधारण तिजोरीत जातात आणि त्यांच्या बदल्यात प्रसारणाबद्दल काही मागण्याचा हक्क आपल्याला आहे, असे कोणाला वाटतही नाही.

जुलै 2024 मध्ये ट्रायने भाड्यावरची 130 रुपयांची मर्यादाही काढून टाकली. आता कंपनीने आपला दर स्वतः ठरवायचा आणि जाहीर करायचा. स्पर्धा आहे तिथे दर कमी होऊ शकतो. जिथे गावात एकच केबलवाला आहे, तिथे काय होईल हे सांगायला अर्थतज्ज्ञ नको.

याशिवाय टीव्ही संच घेताना त्यावर 18 टक्के जीएसटी असतोच. जाहिरातींचा खर्च साबणाच्या वडीत आणि तेलाच्या पुड्यात मिळवलेला असतो. तरुण मंडळी टीव्हीऐवजी मोबाईल बघतात म्हणावे, तर रिचार्जवरही 18 टक्के कर आहे आणि जुलै 2024 मध्ये मोठ्या कंपन्यांनी रिचार्जचे दर एकदम वाढवले. पैसे न देता पाहणारा प्रेक्षक आज जवळजवळ उरलेला नाही.

फुकटची डिश आणि तिच्यावरची जागा

एक मार्ग उरतो, तो म्हणजे डीडी फ्री डिश. डिसेंबर 2004 मध्ये ‘डीडी डायरेक्ट प्लस’ नावाने सुरू झालेली प्रसार भारतीची ही सेवा. डिश आणि बॉक्सचा एकदाच साधारण दोन हजार रुपयांच्या आसपास खर्च येतो. त्यानंतर महिन्याला काहीही नाही. केबलच्या वर्षभराच्या भाड्यात ती बसते. देशातल्या साडेचार ते पाच कोटी घरांत ही डिश आहे असे अंदाज आहेत. ज्या घराला महिन्याचे दीडशे-दोनशे रुपये जड जातात, त्या घरासाठी ती चांगली सोय आहे.

पण या फुकटच्या डिशवर वाहिन्या कशा येतात? लिलावाने. खासगी वाहिन्यांना जागा मिळवण्यासाठी प्रसार भारती बोली लावायला सांगते आणि वर्षाच्या एका जागेची किंमत कोटींत जाते. 2022-23 मध्ये प्रसार भारतीला या लिलावातून एक हजार कोटींहून जास्त उत्पन्न मिळाले. म्हणजे प्रेक्षक पैसे देत नाही, वाहिनी देते. ज्या वाहिनीकडे मोठे जाहिरातदार आहेत, ती बोली लावते. समाजाच्या वर्गणीवर आणि छोट्या जाहिरातींवर चालणाऱ्या वाहिनीने काय करायचे?

जानेवारी 2023 मध्ये केंद्राने 2,539 कोटींची प्रसारण पायाभूत सुविधा योजना मंजूर केली. तिच्यात आठ लाख घरांना फ्री डिशचे बॉक्स द्यायचे ठरले. ते दुर्गम, आदिवासी, नक्षलग्रस्त, सीमावर्ती आणि ‘आकांक्षित’ भागांसाठी. महाराष्ट्रातले नंदुरबार, गडचिरोली, वाशीम आणि धाराशिव हे चार जिल्हे आकांक्षित यादीत आहेत. वर्धा त्यात नाही. गरीब घर कोणत्या जिल्ह्यात आहे यावर त्याची गरिबी मोजली जाते, त्यातलाच हा प्रकार.

खरी अडचण: वाहिनीने भरायचे भाडे

नागपूरहून चालणाऱ्या आवाज इंडिया आणि लॉर्ड बुद्धा या वाहिन्या आपल्या वाचकांना ठाऊक आहेत. 14 ऑक्टोबरची दीक्षाभूमी, 6 डिसेंबरची चैत्यभूमी, 14 एप्रिलच्या मिरवणुका आणि धम्मदेसना हे सगळे घरात बसून पाहता येते, याचे मोल ज्यांना प्रवास झेपत नाही अशा आयाआज्यांना विचारा. वर्ध्यापासून दीक्षाभूमी पाऊणशे किलोमीटरवर आहे. तेवढेही काहींना शक्य नसते.

अशी वाहिनी चालवायला काय लागते? केंद्र सरकारच्या 2022 च्या मार्गदर्शक तत्त्वांनुसार बातम्यांशिवायच्या पहिल्या वाहिनीसाठी कंपनीची निव्वळ मालमत्ता किमान 5 कोटी रुपये हवी. वृत्तवाहिनीसाठी 20 कोटी. त्यावर वार्षिक परवानगी शुल्क. उपग्रहाचे भाडे, स्टुडिओ आणि माणसांचे पगार वेगळे.

एवढे करूनही वाहिनी तुमच्या घरी आपोआप पोहोचत नाही. केबल किंवा डिश कंपनी तिच्याकडून ‘कॅरेज फी’ घेते, म्हणजे वाहून नेण्याचे भाडे. 2017 च्या नियमांत त्याचे टप्पे होते. कंपनीच्या 5 टक्क्यांपेक्षा कमी ग्राहकांनी वाहिनी घेतली असेल, तर दर ग्राहकामागे महिन्याला कमाल 20 पैसे. जसजसे घेणारे वाढतील तसतसा दर 15, 10, 5 पैसे असा उतरतो. 20 टक्के किंवा त्याहून जास्त ग्राहकांनी घेतली, तर भाडे शून्य. 20 पैसे किरकोळ वाटतात. पण पाच लाख ग्राहक असलेल्या एका कंपनीचा हिशेब महिन्याला एक लाख रुपये होतो, आणि अशा कंपन्या अनेक आहेत. 2020 मध्ये एका वाहिनीसाठी एका कंपनीला महिन्याला कमाल चार लाख रुपये अशी मर्यादा घातली गेली. 2024 मध्ये ट्रायने ही रचना आणखी सोपी केली. पण पैसे भरून जागा मिळवायची, हे तत्त्व कायम आहे.

यात आपल्यासाठी एक कळीचा मुद्दा आहे. 2011 च्या जनगणनेनुसार महाराष्ट्रात बौद्ध 65 लाख 31 हजार आहेत, राज्याच्या लोकसंख्येच्या 5.81 टक्के. समजा कंपनीने पूर्ण राज्य हा एक बाजार धरला आणि प्रत्येक बौद्ध घराने ती वाहिनी निवडली. तरी आकडा जेमतेम सहा टक्क्यांपर्यंत जाईल. जुन्या टप्प्यांप्रमाणे 20 पैशांवरून 15 पैशांवर येण्याइतकेच यश! 20 टक्क्यांचा उंबरठा आपण स्वबळावर कधीच ओलांडू शकत नाही. हाच बाजार विदर्भातल्या जिल्ह्यांपुरता धरला तर चित्र बदलते, कारण इथे आपले प्रमाण राज्याच्या सरासरीपेक्षा बरेच जास्त आहे. पण सीमा कंपनी आखते. नियमात ‘बौद्ध’ हा शब्द कुठेही नाही, भेदभाव कुठेही लिहिलेला नाही. तरीही ज्याची संख्या कमी त्याने प्रत्येक घरामागे जास्त भरायचे, आणि ज्याच्याकडे गर्दी आहे त्याने काहीच भरायचे नाही, असा त्याचा परिणाम होतो.

हे नवे नाही. 31 जानेवारी 1920 रोजी ‘मूकनायक’ निघाला, तेव्हा त्याची जाहिरात पैसे घेऊनही छापायला ‘केसरी’ने नकार दिला होता. राजर्षी शाहू महाराजांनी अडीच हजार रुपये दिले म्हणून त्या पत्राला उभे राहता आले. 1927 मध्ये निघालेले ‘बहिष्कृत भारत’ही पैशाअभावी दोन-अडीच वर्षांतच बंद पडले. शंभर वर्षांपूर्वी पैसे देऊनही जागा मिळत नव्हती. आज मिळते, पण किंमत अशी लावली जाते की बहुतेकांनी दारातूनच परत जावे.

मग परवाना शुल्कच बरे होते का?

काही अभ्यासू तरुण विचारतील की इंग्लंडसारखे शुल्क घेऊन स्वतंत्र सार्वजनिक प्रसारण चालवले तर? विचार करण्यासारखी गोष्ट आहे. बीबीसीचा परवाना एप्रिल 2025 मध्ये वर्षाला 174 पौंड 50 पेन्स झाला. जाहिरातदार आणि सरकार या दोघांपासून अंतर राखता यावे, हा त्यामागचा हेतू. पण तिथेही शुल्क न भरणे हा गुन्हा आहे, दंड एक हजार पौंडांपर्यंत जाऊ शकतो, आणि या गुन्ह्यात दोषी ठरणाऱ्यांत सुमारे तीन-चतुर्थांश स्त्रिया असतात. दार वाजवल्यावर घरात कोण असते, याचा तो हिशेब आहे. जर्मनीत प्रत्येक घराला दरमहा 18.36 युरो भरावे लागतात, मात्र सरकारी मदतीवर जगणाऱ्यांना माफी मिळू शकते. फ्रान्सने 2022 मध्ये हे शुल्क रद्द केले.

आपल्याकडे असे शुल्क पुन्हा आणावे, असे मला वाटत नाही. ते आधी शेतमजुराच्या खिशाला लागेल. शिवाय प्रसार भारती 1990 च्या कायद्याने स्वायत्त असली आणि 1997 मध्ये प्रत्यक्षात आली असली, तरी तिचा बहुतांश खर्च केंद्र सरकार देते. जो पैसा देतो त्याचा आवाज मोठा, हा अनुभव आपण रोज घेतो. शुल्क आले म्हणून ती स्वतंत्र होईल, याची हमी नाही.

पण परवाना पद्धतीतली एक गोष्ट घेण्यासारखी आहे. पैसे देणारा नागरिक विचारू शकतो की माझ्या पैशाचे काय केले? आपण वर्षाला कराचेच 280 रुपये देतो आणि हा प्रश्न विचारत नाही.

हवा कोणाच्या मालकीची?

या प्रश्नाला कायद्याचा भक्कम आधार आहे. 9 फेब्रुवारी 1995 रोजी सर्वोच्च न्यायालयाने क्रिकेट असोसिएशन ऑफ बंगालच्या खटल्यात निकाल दिला की ध्वनिलहरी ही सार्वजनिक मालमत्ता आहे. ती सरकारची मक्तेदारी नाही आणि पैसेवाल्यांची जहागीरही होऊ नये, असा त्या निकालाचा आशय होता. त्या पीठात न्यायमूर्ती पी. बी. सावंत होते, ज्यांना आपल्या चळवळीतील कार्यकर्ते पुढे अनेक व्यासपीठांवरून ऐकत आले.

या निकालातून सामुदायिक रेडिओची वाट निघाली. 2006 पासून नोंदणीकृत सामाजिक संस्थांना असा रेडिओ चालवता येऊ लागला. ऑक्टोबर 2008 मध्ये तेलंगणच्या मेदक भागातल्या माचनूर गावात दलित स्त्रियांनी ‘संगम रेडिओ’ सुरू केला. बियाणे, शेती, आरोग्य, गाणी, सगळे त्यांच्या बोलीत. शेतमजूर स्त्रिया स्टुडिओ चालवतात. वर्धा जिल्ह्यातल्या आपल्या संस्थांना हे अशक्य आहे का?

दुसरा आधार 2022 च्या त्याच मार्गदर्शक तत्त्वांत आहे. खासगी वाहिन्यांनी रोज 30 मिनिटे राष्ट्रीय महत्त्वाच्या व सामाजिक विषयांवर कार्यक्रम द्यायचा आहे. त्या आठ विषयांत ‘दुर्बल घटकांचे कल्याण’ हा एक आहे. मराठी वाहिन्या ही तीस मिनिटे कशी भरतात, हे आपल्यापैकी कोणी कधी मोजले आहे का?

परवाना आता बोलणाऱ्यावर येतो आहे

पाहणाऱ्याचा परवाना गेला, वाहून नेणाऱ्याची नोंदणी आली. केबलवाल्याची नोंदणी आधी मुख्य पोस्टात होत असे. जानेवारी 2025 पासून ती केंद्राच्या मंत्रालयाकडे ऑनलाइन होते, शुल्क पाच हजार रुपये, मुदत पाच वर्षे. आता तिसरा टप्पा समोर दिसतो: बोलणाऱ्यावर परवाना.

नोव्हेंबर 2023 मध्ये केंद्राने प्रसारण सेवा विधेयकाचा मसुदा आणला. 2024 मध्ये त्याची सुधारित प्रत निवडक लोकांनाच दाखवली गेली. यूट्यूबवर चालू घडामोडींवर बोलणाऱ्या व्यक्तीलाही ‘डिजिटल वृत्त प्रसारक’ ठरवून नोंदणी आणि मजकूर तपासणी समितीच्या कक्षेत आणण्याची त्यात तरतूद होती. विरोध झाल्यावर ऑगस्ट 2024 मध्ये ती प्रत मागे घेण्यात आली. पण एकदा आलेला विचार परत येऊ शकतो.

याचा फटका कोणाला बसेल? ज्या घटना मोठ्या वाहिन्या दाखवत नाहीत, त्या गावातला पोरगा मोबाईलवर दाखवतो. त्याच्याकडे ना वकील, ना तपासणी समिती नेमायला पैसे. उपग्रह वाहिनी परवडत नाही म्हणून आपण यूट्यूबवर आलो. तिथेही दारात नोंदणीचे टेबल लागले, तर पुढे कुठे जायचे?

आपण काय करायचे

सिगालोवाद सुत्तात तथागतांनी गृहस्थाला मिळकतीचे चार भाग करायला सांगितले: एक उपभोगासाठी, दोन व्यवसायात, एक अडीअडचणीसाठी राखून. टीव्हीचा खर्च पहिल्या भागातला. तो डोळे उघडे ठेवून करावा.

पहिले, बिल मागा. भाडे किती, वाहिन्यांचे किती, कर किती, हे वेगळे लिहिलेले हवे. केबलवाल्याने माथी मारलेला पॅक घेण्याची सक्ती नाही. फक्त निःशुल्क वाहिन्या घेण्याचा पर्याय असतो. ज्या घराला तेही परवडत नाही, त्यांना फ्री डिश बसवून देणे हे विहार समितीचे काम होऊ शकते.

दुसरे, आपल्या वाहिन्या मागून घ्या. तुमच्या ऑपरेटरकडे त्या आहेत का ते पाहा. नसतील तर एकेकट्याने फोन न करता वस्तीतल्या सर्व घरांच्या सह्यांचे निवेदन द्या. असतील तर त्या निवडलेल्या यादीत आहेत याची खात्री करा. टक्केवारी निवडीवर मोजली जाते, मनातल्या आवडीवर नाही.

तिसरे, तक्रारीची जागा ओळखा. कंपनीचा ग्राहक क्रमांक आणि नोडल अधिकारी हे पहिले दार. केबल कायद्याखाली जिल्हाधिकारी हे अधिकृत अधिकारी आहेत. वर्ध्याच्या जिल्हाधिकारी कार्यालयावर आपण इतके मोर्चे नेतो, एखादे निवेदन या विषयाचेही जाऊ द्या.

चौथे, ट्राय वेळोवेळी सल्लापत्रे काढून लोकांची मते मागवते. कंपन्या पानेच्या पाने पाठवतात, आपल्या संघटनांचे एक पानही नसते. छोट्या समाजगटांच्या वाहिन्यांना कॅरेज फीमध्ये सवलत द्या, फ्री डिशवर त्यांच्यासाठी लिलावाबाहेर काही जागा राखून ठेवा, या दोन मागण्या लेखी गेल्या पाहिजेत. आरक्षण म्हणजे काय हे आपल्याला कोणी शिकवायला नको.

पाचवे, प्रसारण विधेयक पुन्हा आले तर पहिल्या दिवसापासून लक्ष ठेवा. वकिली करणाऱ्या आपल्या तरुणांनी आताच जुना मसुदा वाचून ठेवावा.

टीव्हीचा परवाना लागत नाही, हे घरी सांगा. त्याचबरोबर हेही सांगा की आपण ग्राहक म्हणून भाडे भरतो, नागरिक म्हणून कर भरतो, आणि ज्या लहरींवरून हे सगळे येते त्यांचे आपणही मालक आहोत. 1954 मध्ये बाबासाहेब रेडिओवर बोलले, तेव्हा आपल्या घरात रेडिओ नव्हता. आज घरात टीव्ही आहे, हातात मोबाईल आहे. त्यावर बोलणारा आवाज कोणाचा असावा, हे ठरवण्यात आपला वाटा मागितला पाहिजे.

जय भीम! नमो बुद्धाय!